जोखमीचे गणित आणि सुरक्षिततेची व्यवस्था : कीटकनाशक फवारणीच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

कीटकनाशकाच्या डब्यावरील लेबल हा आपल्या कृषिव्यवस्थेतील बहुधा सर्वांत कमी वाचला जाणारा शास्त्रीय दस्तऐवज असावा. त्यातील प्रत्येक ओळीमागे विषशास्त्रीय चाचण्या, अवशेषांचे मोजमाप आणि नोंदणी यंत्रणेची छाननी असते. तरीही त्याच डब्यातील औषध फवारताना माणसे आजारी पडतात आणि प्रसंगी दगावतात. अशी घटना घडली की दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. एक म्हणते, ‘औषधच घातक आहे, त्यावर बंदी घाला’. दुसरी म्हणते, ‘फवारणाऱ्यानेच काळजी घेतली नाही’. पहिली पदार्थाकडे बोट दाखवते, दुसरी माणसाकडे. या दोहोंना जोडणारी वाण, पीक, हवामान, पंप, दुकान, मजुरी आणि दवाखाना अशी जी संपूर्ण व्यवस्था आहे, ती मात्र दोन्ही प्रतिक्रियांतून निसटते.

जोखीमशास्त्र आणि प्रणाली-सुरक्षा या दोन ज्ञानशाखा येथे उपयोगी पडतात. जोखीमशास्त्र सांगते, ‘अमुक अटी पाळल्या तर जोखीम इतकी राहील.’ प्रणाली-सुरक्षा विचारते, ‘त्या अटी प्रत्यक्षात टिकवून ठेवण्याचे काम कोणाचे, आणि ते तो करू शकेल अशी परिस्थिती आहे काय?’ पहिले उत्तर हाती असून दुसरा प्रश्न विचारलाच गेला नाही, तर अचूक गणितही सुरक्षितता देऊ शकत नाही. विस्तार कार्यकर्त्यांच्या आणि प्रगतिशील शेतकऱ्यांच्या कामाशी या मुद्द्याचा थेट संबंध असल्याने प्रस्तुत लेखात त्याचा विचार केला आहे.

घातकता आणि जोखीम

व्यवहारात आपण ‘धोका’ हा एकच शब्द दोन अर्थांनी वापरतो. शास्त्रात मात्र त्यांत भेद करावा लागतो. पदार्थाच्या अंगी असलेली अपाय करण्याची क्षमता म्हणजे घातकता. तो अपाय प्रत्यक्षात होण्याची शक्यता आणि त्याची तीव्रता यांचा एकत्रित विचार म्हणजे जोखीम. या दोहोंमधला दुवा म्हणजे संपर्क. कुलूपबंद कपाटातील विष अत्यंत घातक असते, पण संपर्क नसल्याने त्याची जोखीम अल्प असते. उलट, मध्यम घातक औषध सहा तास पाठीवर वाहून, गळक्या पंपातून, भिजल्या कपड्यांनिशी फवारले तर जोखीम मोठी होते.

आपल्याकडे कीटकनाशकांच्या डब्यावर असणारे रंगीत त्रिकोण हे घातकतेचे निदर्शक आहेत. तोंडावाटे पोटात गेल्यास प्रयोगातील निम्मे प्राणी दगावतील अशी मात्रा, म्हणजेच एलडी-५०, हा त्यांचा एक प्रमुख आधार आहे. दर किलो वजनामागे ही मात्रा १ ते ५० मिलिग्रॅम असल्यास लाल, ५१ ते ५०० असल्यास पिवळा, ५०१ ते ५००० असल्यास निळा आणि ५००० हून अधिक असल्यास हिरवा त्रिकोण असतो. त्वचेवाटे होणाऱ्या विषबाधेसाठी वेगळ्या मर्यादा आहेत. निळा किंवा हिरवा त्रिकोण पाहून ‘हे औषध निर्धास्तपणे मारा’ असा अर्थ काढणे म्हणूनच चुकीचे ठरते. तो रंग पदार्थाविषयी बोलतो. तुमचा पंप, तुमच्या पिकाची उंची आणि त्या दिवशीचा वारा यांविषयी तो काहीही सांगत नाही.

स्टॅनली कॅप्लान आणि जॉन गॅरिक या अभ्यासकांनी १९८१ मध्ये जोखमीची व्याख्या तीन प्रश्नांत मांडली : काय बिघडू शकते? तसे घडण्याची शक्यता किती? आणि घडल्यास परिणाम काय? यातील दुसऱ्या व तिसऱ्या प्रश्नांना आकड्यांनी उत्तर देता येते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र आपली नजर कुठवर पोहोचते यावर अवलंबून असते. १६ जुलै २०१३ रोजी बिहारमधील सारण जिल्ह्यात शालेय मध्यान्ह भोजनातून विषबाधा होऊन २३ बालकांचा मृत्यू झाला. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळले. फवारणाऱ्याला किती संपर्क होईल, याचे गणित कितीही काटेकोर केले, तरी शाळेच्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचलेले विष त्या गणितात येत नाही. व्यवस्थेची सीमा कोठे आखायची, हा आकडेमोडीच्या आधीचा निर्णय असतो.

अंदाजामागील अटी

फवारणाऱ्यासाठी सुरक्षित मात्रा ठरवताना, प्राण्यांवरील चाचण्यांत ज्या मात्रेपर्यंत अपाय दिसत नाही ती मात्रा आधाराला घेतात आणि तिला सर्वसाधारणपणे १०० ने भागतात. त्यातील १० हा भाजक प्राणी व मनुष्य यांच्यातील फरकासाठी, तर दुसरा १० हा माणसामाणसांतील फरकासाठी असतो. ‘शंभर पट सुरक्षितता ठेवलेली असते, मग थोडे जास्त मारले तर काय बिघडते?’ असा युक्तिवाद शिवारात ऐकू येतो. परंतु शंभराचा हा भाजक चुकीच्या वापरासाठी राखून ठेवलेली सूट नव्हे. तो आपल्या ज्ञानातील अनिश्चिततेसाठी आहे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. द्रावण दुप्पट तीव्र केले, फवारणीचे तास दुप्पट झाले आणि उंच पिकामुळे अंगावर उडणारे तुषार तिप्पट झाले, तर त्वचेवर पडणारे औषध दोन गुणिले दोन गुणिले तीन, म्हणजे बारा पट होते. यातील कोणतीही एक गोष्ट फवारणाऱ्याला फारशी गंभीर वाटत नाही. गुणाकार मात्र गंभीर असतो. शिवाय, नोंदणी ज्या घटकाला किंवा तयार मिश्रणाला मिळालेली असते, त्याच्याच चाचण्या झालेल्या असतात. दोन-तीन औषधे, विद्राव्य खत आणि संजीवक बांधावरच्या टाकीत एकत्र केले की, त्या मिश्रणासाठी अशी छाननी झालेली नसते. लेबलवरील मात्रा ही अशा रीतीने एक सशर्त विधान असते. अटी गळून पडल्या की विधानही गळून पडते.

यवतमाळ, २०१७

२०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी व शेतमजूर विषबाधित झाले आणि २० हून अधिक जणांचा मृत्यू झाला. राज्य शासनाने विशेष तपास पथक नेमले आणि काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली. त्या वेळच्या चर्चेत अनेक कारणे पुढे आली : छातीच्या वर गेलेले दाट पीक, उष्ण व दमट हवा, एकाहून अधिक औषधांची मिश्रणे, शिफारशीपेक्षा तीव्र द्रावण, अधिक दाबाने बारीक तुषार सोडणारे पंप, संरक्षक साहित्याचा अभाव आणि सलग अनेक दिवस फवारणी करणारे मजूर.

ही कारणे एकापुढे एक मांडली की प्रत्येक कारण सुटे वाटते. प्रत्यक्षात ती एकमेकांत गुंतलेली होती. कीड वाढली की शेतकरी धास्तावतो. धास्तीपोटी मिश्रण आणि तीव्रता वाढते. सगळ्यांची फवारणी एकाच आठवड्यात आल्याने मजुरांवर ताण येतो. ताणामुळे भर उन्हात फवारणी होते. उन्हामुळे हातमोजे आणि मुखपट्टी उतरवली जाते. घामाने ओली झालेली त्वचा औषध अधिक शोषते. यात एकच ‘दोषी’ शोधला तर साखळीची एक कडी हाती लागते, साखळी तशीच राहते.

सुरक्षिततेकडे पाहण्याचे चार दृष्टिकोन

(१) व्यक्तीकेंद्री दृष्टिकोन : अमेरिकेतील हर्बर्ट हाइनरिख यांनी १९३१ मध्ये औद्योगिक अपघातांविषयी ग्रंथ लिहून बहुतांश अपघातांचे मूळ कामगारांच्या असुरक्षित कृतीत असल्याचे प्रतिपादन केले. त्यांच्या आकडेवारीवर पुढे बरेच आक्षेप घेतले गेले, परंतु हा विचार फार खोल रुजला. आपल्याकडील ‘काळजी घ्या’ छापाची पत्रके याच विचाराची अपत्ये आहेत. प्रशिक्षण आवश्यकच आहे. परंतु दिवसाच्या मजुरीवर दुसऱ्याच्या शेतात फवारणी करणाऱ्या मजुराला औषध कोणते, मिश्रण कसले आणि वेळ कोणती हे ठरवण्याचा अधिकार नसतो. ज्याच्या हाती निर्णय नाही, त्याला केवळ उपदेश करून जोखीम घटत नाही.

(२) संरक्षक थरांचा दृष्टिकोन : ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी १९९० च्या सुमारास मांडलेल्या विचारानुसार घातक गोष्ट आणि माणूस यांच्यामध्ये अनेक संरक्षक थर असतात. प्रत्येक थरात छिद्रे असतात. सर्व थरांतील छिद्रे एका रेषेत आली की अपघात घडतो. जोखीमशास्त्राचे गणित येथे मोहक दिसते. तीन थर आहेत आणि प्रत्येक थर दहापैकी एकदा निकामी ठरतो असे मानले, तर तिन्ही एकाच वेळी निकामी होण्याची शक्यता हजारात एक येते. पण हे उत्तर तिन्ही थर परस्परांपासून स्वतंत्र असतील तरच खरे असते. एकाच कारणाने तिन्ही थर कोसळत असतील, तर शक्यता पुन्हा दहात एक होते.

याचे भीषण उदाहरण आपल्याच देशात, कीटकनाशकाच्याच कारखान्यात घडले. भोपाळ येथे २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री, कार्बारिल या कीटकनाशकाच्या निर्मितीत लागणारा मिथाइल आयसोसायनेट वायू साठवण टाकीतून बाहेर पडला आणि हजारो माणसांचे बळी गेले. कागदावर तेथे अनेक थर होते. प्रत्यक्षात टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती, वायू निष्प्रभ करणारी यंत्रणा गळती रोखू शकली नाही आणि वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याची जोडणी दुरुस्तीसाठी काढलेली होती. थर सुटेसुटे मोजले गेले तरी ते एकाच ढासळत्या व्यवस्थेचे भाग होते. शेतातही हेच घडते. ऑक्टोबरमधील एक उष्ण, दमट दुपार हातमोजे, मुखपट्टी आणि फवारणाऱ्याची सावधगिरी हे तिन्ही थर एकदमच काढून घेते.

(३) नियंत्रणाचा दृष्टिकोन : डेन्मार्कचे जेन्स रासमुसेन यांनी १९९७ मध्ये दाखवून दिले की, खर्चाचा आणि कामाचा दाब माणसांना आणि संस्थांना हळूहळू सुरक्षिततेच्या सीमेकडे ढकलत नेतो. प्रत्येक पाऊल त्या क्षणी शहाणपणाचेच वाटते. अमेरिकेच्या नॅन्सी लेव्हसन यांनी पुढे मांडले की, सुरक्षितता हा एखाद्या सुट्या भागाचा गुण नसून संपूर्ण व्यवस्थेवरील नियंत्रणाचा प्रश्न आहे : वरून योग्य सूचना जातात काय, आणि खालून खरी माहिती परत येते काय? कीटकनाशकांच्या बाबतीत नोंदणी यंत्रणेपासून कृषी सेवा केंद्रापर्यंत सूचना उतरत जातात. पण ‘या पिकात या पंपाने फवारताना अंग भिजते’ ही बांधावरची माहिती वर कोणत्या वाटेने जाते? ही परतीची वाट म्हणजे विस्तार कार्यकर्ता.

(४) यशातून शिकण्याचा दृष्टिकोन : एरिक होल्नागेल यांनी २०१४ मधील ग्रंथात सुचवले की, केवळ अपघातांचा अभ्यास पुरेसा नाही, बहुतेक वेळा काम सुरळीत का पार पडते, हेही पाहिले पाहिजे. प्रत्येक गावात वर्षानुवर्षे फवारणी करूनही त्रास न झालेली माणसे असतात. ती वाऱ्याची दिशा पाहून चालीचा क्रम ठरवतात, फवारलेल्या ओळीत पुन्हा शिरत नाहीत, उन्हे चढण्यापूर्वी काम थांबवतात, काम संपताच साबणाने अंघोळ करून कपडे वेगळे धुतात. त्यांच्या या सवयी नोंदवणे हेही शास्त्रीय कामच होय. येथे एक पथ्य पाळावे : ‘आजवर काही झाले नाही’ हा सुरक्षिततेचा पुरावा मानू नये. कौशल्यामुळे टळलेले आणि केवळ योगायोगाने टळलेले, यांतील भेद ओळखावा लागतो.

हे चार दृष्टिकोन परस्परांचे शत्रू नाहीत. जोखमीचे मापन चौघांनाही लागते; फक्त प्रत्येक जण त्या मापनाकडे वेगळा प्रश्न घेऊन येतो. माणूस चुकला काय, थर टिकले काय, नियंत्रण होते काय आणि काम नीट होते ते कशामुळे, असे ते चार प्रश्न आहेत.

बीटी कपाशीचा धडा

अटी टिकवण्याचा प्रश्न केवळ विषबाधेपुरता नाही. भारतात बीटी कपाशीला २००२ मध्ये आणि दोन जनुकांच्या वाणांना २००६ मध्ये मान्यता मिळाली. किडीत प्रतिकारशक्ती सावकाश वाढावी यासाठी भोवती बिगर-बीटी कपाशीच्या किमान पाच ओळी किंवा एकूण क्षेत्राच्या २० टक्के, यांपैकी जे अधिक असेल तितके आश्रयक्षेत्र लावण्याची अट होती. त्यासाठी बिगर-बीटी बियाण्याचे वेगळे पाकीट दिले जाई. शास्त्राच्या दृष्टीने अट योग्यच होती. परंतु तिचा लाभ सगळ्या परिसराला आणि भविष्यात मिळणार, तर तिचे नुकसान एका शेतकऱ्याला आणि त्याच हंगामात सोसावे लागणार, अशी तिची रचना होती. अनेकांनी ते पाकीट वापरलेच नाही. पुढे गुजरातेत आणि नंतर इतर राज्यांत दोन जनुकांच्या कपाशीवरही गुलाबी बोंडअळी तग धरू लागली. आश्रयक्षेत्राची उपेक्षा हे त्याचे एकमेव कारण नव्हते. लांबवलेला हंगाम आणि फरदडही तितकीच कारणीभूत ठरली. त्यानंतर बिगर-बीटी बियाणे त्याच पाकिटात मिसळून देण्याची पद्धत आली. यामागील विचार प्रणाली-सुरक्षेचाच आहे : जी अट शेतकऱ्याच्या शिस्तीवर सोपवून टिकली नाही, ती रचनेतच बसवायची.

आणि येथे दोन्ही कथा एकमेकींना मिळतात. बोंडअळीविरुद्धचे जैविक संरक्षण ढासळले की फवारण्या वाढतात. फवारण्या वाढल्या की माणसाचा विषाशी संपर्क वाढतो. किडीची प्रतिकारशक्ती हा फवारणाऱ्याच्या आरोग्याचाही प्रश्न आहे.

विस्तार कार्यासाठी व्यवहार्य दिशा

सुरक्षिततेच्या उपायांचा एक सर्वमान्य उतरता क्रम आहे. वरचा उपाय अधिक भरवशाचा, कारण तो माणसाच्या सततच्या सावधगिरीवर कमी अवलंबून असतो.

१. गरजच टाळणे : कामगंध सापळ्यांत सलग तीन रात्री प्रति सापळा सुमारे ८ पतंग, किंवा १० टक्के फुले-बोंडे प्रादुर्भावग्रस्त, ही गुलाबी बोंडअळीची आर्थिक नुकसानीची पातळी गाठल्याशिवाय तिच्यासाठी फवारणी करू नये. वेळेवर पेरणी, हंगाम वेळीच आटोपणे, फरदड न घेणे आणि डोमकळ्या वेचून नष्ट करणे यांमुळे टळलेली फवारणी ही सर्वांत सुरक्षित फवारणी होय.
२. पर्याय निवडणे : त्या पिकासाठी व त्या किडीसाठी लेबलवर शिफारस असलेल्या औषधांपैकी कमी घातक औषध घ्यावे. सुरुवातीच्या काळात निंबोळी अर्कासारख्या उपायांना प्राधान्य द्यावे.
३. रचना बदलणे : गळका पंप, झिजलेले नोझल आणि फाटलेला पट्टा हंगामापूर्वीच बदलावा. माणूस आत शिरू शकेल इतके अंतर ओळींत राहील, अशी लागवड पेरणीच्या वेळीच ठरवावी.
४. कामाची शिस्त : सकाळची वेळ, वाऱ्याच्या दिशेने फवारणी, एका माणसाच्या सलग फवारणीच्या तासांवर व दिवसांवर मर्यादा, आणि मिश्रणांना मज्जाव.
५. संरक्षक साहित्य : हातमोजे, मुखपट्टी, चष्मा, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि बूट. हे अनिवार्यच आहे, पण क्रमात शेवटी आहे. कारण उष्णतेत तेच सर्वांत आधी गळून पडते.

आपल्या पत्रकांत हा क्रम बहुधा उलटा असतो : हातमोज्यांचे चित्र पहिल्या पानावर, आणि फवारणी टाळण्याचा विचार शेवटच्या ओळीत.

याखेरीज प्रत्येक कार्यकर्त्याने हंगामापूर्वी गावबैठकीत पाच प्रश्न विचारावेत. लेबलवरील कोणती अट आपल्या शेतात पाळणे सर्वांत कठीण आहे? ती मोडली जाते ती कोणत्या दाबामुळे? ती टिकवण्याचा निर्णय कोणाच्या हाती आहे – शेतमालक, मजूर, की दुकानदार? उन्हासारख्या एकाच कारणाने एकाच वेळी कोणकोणती साधने निकामी होतात? आणि चक्कर, मळमळ, अंधुक दिसणे असे सौम्य त्रास झाले तर ते कोणाला कळवले जातात? शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा. मृत्यूची नोंद होते. चक्कर येऊन झाडाखाली बसलेल्या मजुराची होत नाही. असे दहा सौम्य त्रास एकाच औषधानंतर, एकाच पंधरवड्यात नोंदले गेले, तर अकरावी गंभीर घटना रोखण्याची संधी मिळते. ही नोंद दोष देण्यासाठी नाही, हे मात्र आधी स्पष्ट करावे. अन्यथा कोणीही सांगणार नाही.

विषबाधेचा संशय आल्यास फवारणी तत्काळ थांबवून दूषित कपडे काढावेत, त्वचा साबण-पाण्याने धुवावी आणि रुग्णाला विलंब न लावता दवाखान्यात न्यावे. सोबत डबा किंवा लेबल न्यावे. ऑरगॅनोफॉस्फेट गटातील विषबाधेवर ॲट्रोपिनसारखा उतारा उपलब्ध आहे. पण अनेक नव्या औषधांवर विशिष्ट उतारा नाही आणि तेथे लक्षणांनुसारच उपचार करावे लागतात. मिश्रण फवारले असेल, तर वैद्यकीय अधिकाऱ्यालाही निदान कठीण जाते. मिश्रण टाळण्याचे हे आणखी एक सबळ कारण आहे.

समारोप

जोखीमशास्त्राने दिलेला आकडा खोटा नसतो. तो अपुरा असतो. तो ज्या अटींवर उभा असतो, त्या अटी प्रयोगशाळेत गृहीत धरता येतात, शिवारात मात्र त्या रोज नव्याने उभ्या कराव्या लागतात. ते काम एकट्या फवारणाऱ्याच्या खांद्यावर टाकणे न्याय्य नाही आणि परिणामकारकही नाही. वाण निवडणारा, औषध विकणारा, पंप बनवणारा, मजूर लावणारा, उपचार करणारा आणि सल्ला देणारा, या प्रत्येकाच्या हाती त्या अटींचा एकेक धागा आहे. यापुढे एखाद्या गावातून विषबाधेची वार्ता आली, तर ‘चूक कोणाची?’ या प्रश्नाआधी ‘कोणती अट मोडली आणि ती टिकवणे कोणाला शक्य होते?’ असे विचारण्याची सवय आपण लावून घ्यावी. पुढच्या हंगामाची तयारी त्या उत्तरापासून सुरू व्हावी.